स्वस्तातल्या ऑडिओ केबलची बांधणी कशी पारखायची?

मंद्रसप्तक

केबलमुळे आवाज किती 'खुलतो' यावर भरपूर लिहिलं जातं. हा धागा त्यासाठी नाही. माफक लांबीची आणि बरोबर जोडलेली कुठलीही केबल लाइन सिग्नल नीट पोहोचवते. स्वस्त केबल दगा देते ती तीन ठिकाणी: प्लगच्या मागे तार तुटते, सोल्डरचा टाका सुटतो, किंवा शील्ड (सिग्नलच्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टण) तोकडी पडून हम (विजेची घुमघुम) शिरतो. या तीन जागा कशा तपासायच्या, एवढंच इथे एकत्र करूया.

पहिला प्रश्न, प्लगचं कवच फिरवून उघडता येतं का? उघडत असेल तर आतलं काम लपत नाही, आणि पुढे बिघडलं तर दुरुस्तही करता येतं. उघडल्यावर आधी पकड बघा. केबल ओढली की ताण बाहेरच्या आवरणावर यायला हवा, टाक्यावर नाही. साध्या प्लगमध्ये पत्र्याच्या दोन पाकळ्या आवरणाभोवती दाबलेल्या असतात. बऱ्या प्लगमध्ये प्लास्टिकचा चक असतो. मागची टोपी आवळली की तो केबलला सगळीकडून सारखा धरतो. स्वस्त केबलमध्ये हमखास दिसणारा दोष म्हणजे आवरण गरजेपेक्षा जास्त सोललेलं असतं आणि पाकळ्या थेट आतल्या तारांवर दाबलेल्या असतात. मग प्रत्येक ओढीचा ताण टाक्यावर जातो. शिवाय पाकळीची धार इन्सुलेशनमध्ये रुतली की शॉर्ट ठरलेलाच.

मग सोल्डरचा टाका बघा. तो तारेवर आणि टर्मिनलवर दोन्हीकडे पसरलेला हवा आणि कडेला पातळ होत गेलेला हवा. टर्मिनलवर गोळीसारखा बसलेला टाका म्हणजे टर्मिनल पुरेसं तापलंच नव्हतं. इन्सुलेशन टाक्यापासून एक-दोन मिलिमीटरपर्यंत मागे सरलेलं चालतं. त्याहून जास्त उघडी तार दिसली तर शेजारच्या टर्मिनलला ती किती जवळ आहे ते बघा. शील्डचे केस (बारीक तारा) पिळून एकत्र केलेले हवेत, एकही सुटा केस बाहेर नको.

६.३५ मिमीच्या मोनो प्लगमध्ये कवच आणि टर्मिनल यांच्यामध्ये प्लास्टिकची नळी असते. स्वस्त केबलमध्ये ती बऱ्याचदा गायब असते. कवच धातूचं आणि शील्डला जोडलेलं असल्यामुळे टिपची (प्लगच्या टोकाची) तार जरा वाकली की त्याला चिकटते आणि आवाज बंद. नळी नसेल तर त्या व्यासाची हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घालून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

श्रुती२२

उपयुक्त धागा. पण ३.५ मिमीच्या बहुतेक केबल आणि बऱ्याच आरसीए (उपकरणांमागे लागणाऱ्या लाल-पांढऱ्या गोल प्लगच्या) केबल मोल्डेड, म्हणजे साच्यात ओतून बंद केलेल्या, प्लगच्या असतात, उघडण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे काय बघायचं?

मंद्रसप्तक

मोल्डेड म्हणजे वाईट असं नाही. चांगलं मोल्डिंग ओलावा आत जाऊ देत नाही आणि ताणही बरा सोसतं. मागची शेपटी बघा, म्हणजे प्लगमधून केबल बाहेर येते तिथला खाचा असलेला रबरी भाग. तो निमुळता होत जायला हवा आणि बोटाने वाकवल्यावर केबलची कमान व्हायला हवी. शेपटी कडक असेल तर केबल तिच्या टोकाशी काटकोनात मोडते आणि तुटण्याची जागा फक्त सेंटिमीटरभर पुढे सरकते. वाकवताना शेपटी आणि केबल यांच्यात फट उघडत असेल तर मोल्डिंग आवरणाला चिकटलेलंच नाही.

दुसरी तपासणी चालू आवाजात करायची. मोनो रेकॉर्डिंग मंद आवाजात लावा, प्लग जॅकमध्ये घट्ट धरा आणि मागचा पाच सेंटिमीटरचा भाग चारही दिशांना हळू वाकवा. एक बाजू गेली की आवाज लगेच मध्यातून सरकतो, म्हणून मोनो. प्लग न हलता आवाज गेला तर दोष केबलचा. प्लग जॅकमध्ये फिरवल्यावर गेला तर तो जॅकचा किंवा प्लगच्या मापाचा.

माप हा खरंच मोठा मुद्दा आहे. व्हर्नियर असेल तर प्लगचा व्यास मोजा, ३.५ किंवा ६.३५ मिमीपेक्षा जाणवण्याइतका कमी नको. टिपची मान, म्हणजे ती खाच जिथे जॅकमधली स्प्रिंग बसते, नीट कोरलेली हवी. उथळ मानेचा प्लग 'टक' असा बसत नाही, नुसता सरकत राहतो.

ओहमकार

स्पीकर केबलसाठी भर घालतो, कारण तिथली फसवणूक वेगळी असते. ती तांब्यात होते.

'सीसीए' म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. तिची वाहकता तांब्याच्या साधारण ६३ ते ६५ टक्के. वजनाने ती फारच हलकी, कारण तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७. वर्णनात 'तांब्याची' असं न लिहिता नुसतं 'हाय प्युरिटी', 'ऑक्सिजन-फ्री तंत्रज्ञान' असं काही लिहिलं असेल आणि एकाच मापाच्या दोन गुंडाळ्यांपैकी एक हाताला निम्म्या वजनाची लागली, तर संशय घ्या. मात्र जाड पीव्हीसी वजन भरून काढतं, त्यामुळे वजन हा पुरावा नाही.

पुरावा ब्लेडचा. एक केस ब्लेडने खरवडा. बाहेर लाल आणि आत पांढरं निघालं तर सीसीए. उलटं, बाहेर पांढरं आणि आत लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, उत्तम माल. या दोघांत गल्लत करून लोक चांगली केबल परत करतात. केस फार बारीक असतील तर एक सुटा केस चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीत न्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला, त्यामुळे सीसीएचा केस लोळागोळा होऊन तुटतो आणि तांब्याचा लाल होऊन शाबूत राहतो. इन्सुलेशन पूर्ण काढूनच करा, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. लोहचुंबकही फिरवून बघा. अगदी स्वस्त केबलमध्ये तांबं चढवलेलं पोलाद निघतं आणि ते चिकटतं.

सीसीए का नको? निव्वळ रोधाचा प्रश्न असता तर एक माप जाड घेऊन सुटला असता. खरी अडचण टोकांना आहे. ॲल्युमिनियमचे केस दोन-चार वेळा वाकवले की तुटतात, स्क्रूखाली दाबले की कालांतराने चपटे होऊन सैल पडतात, आणि कापलेल्या टोकाला हवेत ऑक्साइड धरतं. स्पीकर टर्मिनलला हे तिन्ही भोवतात.

तांबंपितळ

सहमत. आकड्यांत सांगितलंत तर बरं, कारण 'जाड घ्या' याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो.

ओहमकार

शुद्ध तांब्याचा रोध, एका तारेचा, दर मीटरला:
०.७५ चौ.मिमी: सुमारे २३ मिलिओहम
१.५ चौ.मिमी: सुमारे ११.५ मिलिओहम
२.५ चौ.मिमी: सुमारे ७ मिलिओहम

करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. केबलचा एकूण रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, म्हणजे ८ ओहमला ०.४ ओहम आणि ४ ओहमला ०.२ ओहम. १० मीटरसाठी ०.७५ ची केबल ०.४६ ओहम होते, ८ ओहमलाही जास्तच. १.५ ची ०.२३ होते, ८ ओहमला ठीक, ४ ओहमला किंचित वर. २.५ ची ०.१४, दोन्हीला चालते. आता १.५ ची सीसीए घेतली तर ०.२३ चे ०.३६ होतात. म्हणजे छापलेलं माप खरं असूनही केबल एका मापाने बारीक निघाली.

गेज नंबर लिहिला असेल तर लक्षात ठेवा, आकडा लहान तितकी तार जाड, आणि ३ ने फरक पडला की क्षेत्रफळ निम्मं किंवा दुप्पट होतं. १२ गेज म्हणजे ३.३ चौ.मिमी, १४ म्हणजे २.१, १६ म्हणजे १.३.

घरी मोजायचं तर साध्या मल्टिमीटरवर भरवसा नको. त्याच्या स्वतःच्या लीडचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. करंट मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय असेल तर केबलचं दुसरं टोक शॉर्ट करा, १ अँपिअर सोडा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून थेट केबलच्या दोन तारांवर लावा, सप्लायच्या क्लिपवर नको. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. १० मीटर १.५ ची खरी केबल २३० च्या आसपास दाखवेल. ३६० दिसले तर एकतर सीसीए किंवा माप खोटं, दोन्हीत परत करण्यासारखीच.

श्रुती२२

आणि 'ओएफसी' (ऑक्सिजन-फ्री तांबं) छापलेलं? ते बघून निवडायचं का?

ओहमकार

छापलेलं खरं असेल तर एवढंच कळतं की ते सीसीए नाही. वाहकतेत ऑक्सिजन-फ्री आणि नेहमीचं विजेच्या कामाचं तांबं यांच्यात एखाद्या टक्क्याचाही फरक नसतो. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

तांबंपितळ

शील्डबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माइक, गिटार आणि लांब आरसीए यांत हाच मुख्य खर्च असतो आणि म्हणून इथेच काटकसर होते.

तीन प्रकार सापडतात. विणलेली जाळी हलवाहलव सोसते. चांगल्या केबलमध्ये ती आतल्या भागाचा ९० ते ९५ टक्के पृष्ठभाग झाकते. गुंडाळलेली शील्ड, म्हणजे केस एकाच दिशेने सर्पिल फिरवलेले. बनवायला स्वस्त, सोलायला सोपी, केबल मऊ राहते. पण वाकवलं की बाहेरच्या बाजूला केस फाकतात आणि बऱ्याच वापरानंतर ती फट तशीच राहते. तिसरी फॉइल, सोबत एक उघडी ड्रेन तार. ती १०० टक्के झाकते, पण वारंवार वाकवल्यावर तडकते. भिंतीतून, रॅकमधून एकदाच टाकायच्या केबलला फॉइल सर्वांत योग्य. रोज गुंडाळायच्या केबलला नको.

न कापता ओळखायचं तर प्लग उघडून शील्डचा पिळलेला भाग बघा. दहा-पंधरा विरळ केस पिळलेले दिसले तर जाळी नावापुरतीच आहे. भरगच्च पीळ निघाला तर बरं लक्षण. एकच कल्हईची तार आणि भोवती चकाकता कागद म्हणजे फॉइल.

पडद्यामागे

पण १०० टक्के झाकणारी फॉइल हमसाठी सर्वांत चांगली नाही का? अडॅप्टरच्या शेजारून केबल न्यावी लागते तिथे तीच घ्यावी असं वाटतं.

तांबंपितळ

इथे दोन वेगळे उपद्रव एकत्र होतायत. विद्युत क्षेत्रामुळे येणारा हम आणि रेडिओची घुसखोरी शील्ड अडवते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा ५० किंवा ६० हर्ट्झचा हम ना तांब्याची जाळी अडवते ना ॲल्युमिनियमची फॉइल. तेवढ्या कमी वारंवारतेला एवढा पातळ थर पुरत नाही. त्यावर उपाय दोन: अंतर वाढवा, नाहीतर बॅलन्स्ड जोडणी वापरा, जिच्यात दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याने हम दोन्हींत सारखा शिरतो आणि पुढच्या इनपुटमध्ये वजा होतो. म्हणून माइक केबलमध्ये शील्डइतकाच तारांचा पीळ महत्त्वाचा. स्टार-क्वाड केबल (चार तारा, समोरासमोरच्या जोडलेल्या) या कामात आणखी चांगली. कनारेची एल-४ई६एस ही त्यातली प्रसिद्ध. मात्र तिची कपॅसिटन्स (तारांमधली विद्युतभार साठवण्याची क्षमता) जास्त असते, फार लांब टाकताना ते लक्षात घ्यावं.

अडॅप्टरजवळून न्यायचीच असेल तर समांतर नेऊ नका, काटकोनात ओलांडा.

मंद्रसप्तक

एक्सएलआर (तीन पिनांच्या प्लगची माइक) केबल विकत घेतली की मल्टिमीटरने ही तपासणी कराच. १ ते १, २ ते २, ३ ते ३ बीप वाजायला हवा. १-२, १-३ आणि २-३ मध्ये अजिबात नको. स्वस्त केबलमध्ये कधीकधी आत एकच तार आणि शील्ड असते आणि प्लगमध्ये १ व ३ जोडून टाकलेले असतात. बाहेरून एक्सएलआर, आतून अनबॅलन्स्ड. लहान अंतरावर डायनॅमिक माइक तिच्यावर चालतोही, म्हणून लक्षात येत नाही. कंडेन्सर लावला की गडबड होते: ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून केबलमधूनच माइकला मिळणारा वीजपुरवठा) ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून येतो, त्यातल्या ३ नंबरच्या बाजूचे सुमारे ७ मिलिअँपिअर सरळ ग्राउंडला जातात आणि माइकला एकाच पायातून पुरवठा होतो.

२ नंबर हॉट (सिग्नलची धन बाजू) हे एईएस१४-१९९२ या मानकाने ठरवलेलं आहे. २ आणि ३ ची अदलाबदल दोन्ही टोकांना सारखीच झाली असेल तर बिघडत नाही. एकाच टोकाला झाली तर फेज उलटते आणि दोन माइक एकत्र लावल्यावर आवाज पोकळ होतो.

कवचाशीही १ नंबर जोडलेला आहे का बघा. जोडलेला नसलेला बरा. दोन केबल जोडून लांब केली आणि मधला जोड धातूच्या स्टँडला टेकला तर ग्राउंड लूप (ग्राउंडला हम आणणारी दुसरी वाट) मिळतो.

पडद्यामागे

चक असलेल्या प्लगमध्येही एक लपलेला दोष असतो. न्यूट्रिकच्या एक्सएक्स मालिकेतला चक ३.५ ते ८ मिमी व्यासाची केबल धरतो. माइक केबल साधारण ६ ते ६.५ मिमीची असते, नीट बसते. नकला करणारे कवच हुबेहूब बनवतात, पण चकचं प्लास्टिक ठिसूळ असतं आणि आत ४ मिमीची केबल घातलेली असते. टोपी पूर्ण आवळून केबल धरा आणि प्लग पिळायचा प्रयत्न करा. केबल आत फिरली तर पकड नाही.

सूरमापक

गिटार केबलबद्दल. इथे मात्र केबल आवाज खरोखर बदलते, आणि त्याचं कारण कपॅसिटन्स. साधी केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, बरीच स्वस्त १५० च्याही पुढे. पॅसिव्ह पिकअपची (गिटारच्या तारांची कंपनं टिपणाऱ्या, बॅटरी नसलेल्या भागाची) कॉइल आणि ही कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स बनतो (एका वारंवारतेला उठाव, त्याच्या वर आवाज घटत जातो). ४ हेन्रीचा पिकअप आणि ३ मीटर केबलचे ३०० पिकोफॅरड धरले तर तो सुमारे ४.६ किलोहर्ट्झवर येतो. ६ मीटरला, म्हणजे ६०० पिकोफॅरडला, ३.२५ किलोहर्ट्झवर. लांब केबलला 'मंद' म्हणतात ते यामुळे. गरजेपुरती लांबी घेणं हा यावरचा फुकटचा उपाय. ॲक्टिव्ह पिकअप, कीबोर्ड, मिक्सर यांना हा प्रश्न येत नाही, त्यांचं आउटपुट कमी इम्पिडन्सचं असतं.

मोजायला सोपं आहे. मल्टिमीटरला नॅनोफॅरड रेंज असेल तर दुसरं टोक मोकळं ठेवून टिप आणि स्लीव्हमध्ये (प्लगच्या मागच्या धातूच्या भागामध्ये) मोजा, लीडची कपॅसिटन्स वजा करा आणि मीटरने भागा.

बांधणीत बघायचा आणखी एक भाग: चांगल्या गिटार केबलमध्ये आतल्या इन्सुलेशनवर काळ्या, वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा थर असतो. केबल पायाखाली आली, आपटली की होणारी धडधड तो कमी करतो. पण सोलताना हा थर टिपच्या टाक्यापासून मागे कापावा लागतो. कापलाच नाही आणि तो टिपला टेकला तर टिप व शील्डमध्ये गळती होते. बीप वाजत नाही, म्हणून केबल 'पास' होते आणि आवाज मात्र दबलेला येतो. मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर ठेवा. दोन्ही टोकं मोकळी असताना टिप-स्लीव्हमध्ये काहीच दिसायला नको. काही किलोओहम किंवा शेकडो किलोओहम दिसले तर प्लग उघडून काळा थर तीन-चार मिलिमीटर मागे घ्या.

श्रुती२२

दोन्हीकडे ६.३५ चे प्लग असलेली एक केबल स्पीकरची आहे की गिटारची, छापलेलं नसेल तर कसं ओळखायचं?

सूरमापक

प्लग उघडा. दोन सारख्या जाड तारा असतील तर स्पीकरची. एक बारीक तार आणि भोवती शील्ड असेल तर गिटारची. अदलाबदल दोन्हीकडून वाईट. स्पीकर केबलवर गिटार लावली तर शील्ड नसल्याने हमच हम. गिटार केबलवर कॅबिनेट (स्पीकरचा खोका) लावलं तर बारीक गाभा तापतो, आणि इन्सुलेशन वितळून शॉर्ट झाला तर ॲम्प्लिफायरचा आउटपुट जातो.

तांबंपितळ

सोनेरी मुलाम्याबद्दल थोडक्यात. सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग; दमट जागी वर्षानुवर्षं न काढता ठेवायच्या जोडणीला चांगलं. रोज काढघाल होत असेल तर स्वस्त प्लगवरचा पातळ थर घासून जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. तिथे निकेल बरं. आरसीएमध्ये मुलाम्यापेक्षा बाहेरच्या कड्याची पकड बघा. फार घट्ट असेल तर काढताना उपकरणाच्याच जॅकची कडी उपटून येते, सैल असेल तर आधी ग्राउंड सुटतो आणि स्पीकरमध्ये जोरात हम येतो.

आणि बाण छापलेल्या आरसीए केबल: काहींत आत दोन तारा आणि वेगळी शील्ड असते, शील्ड एकाच टोकाला जोडलेली. तिथे बाणाला अर्थ आहे, शील्ड जोडलेलं टोक सहसा उगमाकडे. साध्या एकतारी केबलवरचा बाण नुसता छापलेला.

पडद्यामागे

हम नक्की केबलचा की उपकरणाचा, हे वेगळं कसं काढायचं? गिटार केबलचं दुसरं टोक मोकळं सोडलं तर चांगली केबलही हम देते.

ओहमकार

मोकळं सोडूच नका. एका सुट्या ६.३५ च्या सॉकेटला टिप आणि स्लीव्हमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि केबलचं टोक त्यात घाला. सॉकेट प्लास्टिकच्या डबीत असेल तर डबीला आतून फॉइल लावून ती स्लीव्हला जोडा, नाहीतर रेझिस्टरच हम पकडेल. माइक केबलसाठी एक्सएलआरच्या २ आणि ३ मध्ये १५० ओहम, आणि कवच १ ला जोडलेलं. डायनॅमिक माइकचा इम्पिडन्स साधारण तेवढाच असतो.

मग गेन नेहमीच्या पातळीला ठेवून आधी एक चांगली माहीत असलेली केबल लावा, हमची पातळी रेकॉर्ड करा. त्याच जागी, त्याच वळणाने नवी केबल टाका आणि पुन्हा रेकॉर्ड करा. वळण बदललं तर तुलना फसते. नंतर केबल जमिनीवर हलके आपटा, दोन्ही प्लगच्या मागे वाकवा, आणि ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरपासून हातभर अंतरावर आणा. आपटल्यावर धडधड आली तर काळा थर नाही किंवा शील्ड ढिली आहे. वाकवल्यावर खरखर आली तर टाका किंवा ड्रेन तार. अडॅप्टरजवळ एक्सएलआरमध्ये हम एकदम चढला तर पुन्हा मल्टिमीटर काढा आणि १-३ तपासा.